सहा माणसांची इंजिन रूम: आणीबाणीत कोण कुठे उभं राहील

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईहून बॉम्बे हायच्या (समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या) फेऱ्या करणाऱ्या सप्लाय व्हेसलवर (प्लॅटफॉर्मना सामान पोचवणाऱ्या जहाजावर) पहिल्यांदाच चीफ इंजिनिअर म्हणून जायचंय. हाताखाली सेकंड आणि थर्ड इंजिनिअर, ईटीओ (जहाजावरचा विजेचा अधिकारी) आणि दोन ऑइलर (इंजिन रूमचे मदतनीस), म्हणजे स्वतःला धरून सहा जण. कंपनीच्या मॅन्युअलमधल्या आणीबाणीच्या याद्या मोठ्या जहाजांवरून उतरवून घेतल्यासारख्या वाटतात. एवढ्या माणसांत ब्लॅकआउट, आग आणि पाणी शिरणं हे सगळं सांभाळायचं कसं?

आधी वजाबाकी करा. रात्री तीन वाजता सहापैकी चार जण झोपलेले असतात. अलार्म वाजून माणूस बूट चढवून खाली येईपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात. म्हणजे पहिली तीन मिनिटं तुमच्याकडे एक इंजिनिअर आणि एक ऑइलर आहे. आग असेल तर मस्टर लिस्टप्रमाणे (आणीबाणीत कुणी काय करायचं त्या यादीप्रमाणे) दोन जण ब्रीदिंग सेट घालतात आणि एक जण त्यांच्या मागे उभा राहतो. उरले तीन, त्यातले एक तुम्ही. म्हणून कुठलीही योजना 'आधी दोन, नंतर तीन' याच हिशेबाने करायची. एवढ्या हातांत सगळं होत नाही, हे आधीच मान्य करा आणि त्या क्षणी काय सोडून द्यायचं ते किनाऱ्यावर असतानाच ठरवा. प्युरिफायर, स्युएज प्लांट, एसी, गॅली, वॉटर मेकर यांच्याकडे पहिला अर्धा तास कुणीही फिरकायचं नाही. ऐन वेळी कुणी तरी 'एसी बंद पडलाय' म्हणून फोन करतोच. त्या फोनला उत्तर देण्यात माणूस अडकू देऊ नका.

दुसरी गोष्ट, माणसांना कामं वाटण्याआधी जागा वाटा. चीफ कंट्रोल रूममध्ये उभा राहतो आणि तिथून हलत नाही. सेकंड मशिनरीवर, ईटीओ स्विचबोर्डवर, थर्ड पंपांवर. एक ऑइलर सेकंडच्या हाताखाली, दुसरा दारापाशी: निरोप्या, मोजणीदार आणि बाहेरची बटणं दाबणारा. नवीन चीफकडून सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे स्वतः पाना घेऊन खाली उतरणं. कालपर्यंत सेकंड होता, हात शिवशिवतात. पण चीफ सी चेस्टवर (समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या पेटीवर) वाकला की पूर्ण चित्र बघणारा कुणीच राहत नाही, आणि ब्रिजचा फोन वाजत राहतो. सेकंड एकटा पडला तर ऑइलर द्या, स्वतः जाऊ नका. अपवाद एकच: तुम्ही दोघेच खाली आहात आणि हात लावला नाही तर दोन मिनिटांत जहाज जाईल, अशी वेळ.

ब्रिजला तीनच गोष्टी हव्या असतात: इंजिन मिळेल का, स्टिअरिंग आहे का, किती वेळ लागेल. वेळ माहीत नसेल तर अंदाज सांगू नका. 'कारण सापडलेलं नाही, तीन मिनिटांत पुन्हा बोलतो' असं सांगा, आणि सापडो न सापडो, तीन मिनिटांनी फोन कराच. तो फोन गेला नाही की कॅप्टन सेकंड ऑफिसरला खाली धाडतो, आणि गर्दीत आणखी एक भर पडते.

बोलण्याबद्दल इथेच सांगतो, कारण भारतीय क्रूवर यातून खरोखर गोंधळ होतो. आपल्याकडे 'बंद कर' हा एकच शब्द पंपालाही चालतो, व्हॉल्व्हलाही आणि ब्रेकरलाही. 'ओपन' त्याहून वाईट: व्हॉल्व्ह ओपन म्हणजे पाणी वाहतंय, ब्रेकर ओपन म्हणजे करंट तुटलाय. इअर मफ लावलेल्या, घाबरलेल्या माणसाला 'दोन नंबर ओपन कर' असं ओरडून सांगितलं तर तो काय करेल, सांगता येत नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात शब्द ठरवून घ्या. व्हॉल्व्ह 'शट', पंप 'स्टॉप', ब्रेकर 'ट्रिप', आणि प्रत्येक वेळी यंत्राचं नाव, नंबर आणि बाजू. ऐकणाऱ्याने हुकूम जसाच्या तसा परत म्हणायचा आणि काम झालं की 'झालं' असं सांगायचं. वॉकीटॉकी प्लेटांच्या (इंजिन रूमच्या लोखंडी फरशीच्या) खाली बऱ्याचदा लागत नाही. कुठे लागतो आणि कुठे नाही, हे शांत दिवशी फिरून तपासा आणि न लागणाऱ्या जागांसाठी हाताच्या खुणा ठरवा.

ब्लॅकआउट

पहिली पंचेचाळीस सेकंदं कशालाही हात लावू नका. सोलासप्रमाणे (जहाजांच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार) इमर्जन्सी जनरेटरने ४५ सेकंदांच्या आत आपोआप सुरू होऊन स्विचबोर्डवर यायला हवं. स्टँडबाय जनरेटरला पॉवर मॅनेजमेंट सिस्टीमही याच वेळात सुरू करते. अंधारात कुणी बटणं दाबत सुटलं की ऑटो क्रम तुटतो आणि मग सगळं हाताने करावं लागतं. या वेळात दोन गोष्टी करायच्या: ब्रिजला फोन, आणि कान देऊन ऐकणं. कोणतं मशीन अजून फिरतंय?

त्या ऐकण्यावर निम्मं निदान होतं. जनरेटर फिरतोय आणि ब्रेकर पडलाय, तर बिघाड विजेच्या बाजूला आहे: ओव्हरलोड, शॉर्ट, रिले, कंट्रोल सप्लाय किंवा सैल वायर. जनरेटरच थांबलाय, तर बिघाड इंजिनाच्या बाजूला: इंधन, लुब ऑइल प्रेशर, कूलिंग, ओव्हरस्पीड. पहिल्या प्रकारात ईटीओ पुढे, दुसऱ्यात सेकंड पुढे. शॉर्ट सर्किटवर ब्रेकर पडला असेल तर फॉल्ट सापडल्याशिवाय बसबारवर (स्विचबोर्डच्या मुख्य पट्ट्यांवर) दुसरा जनरेटर चढवू नका. तोही पडेल आणि एक तास वाढेल.

मग अलार्म लिस्ट. ब्लॅकआउटनंतर स्क्रीनवर साठ-सत्तर ओळी असतात. त्यातली उपयोगाची ओळ बहुतेक वेळा सगळ्यात पहिली असते, आणि ती स्क्रोल होऊन कुठल्या कुठे गेलेली असते. कुणी घाईने अ‍ॅक्नॉलेज करून यादी साफ करण्याआधी तिची प्रिंट किंवा मोबाइलवर फोटो घ्या. थांबलेल्या जनरेटरच्या लोकल पॅनलवर ट्रिपचा दिवा अडकलेला असतो. तो रीसेट केल्याशिवाय मशीन घेणार नाही, पण रीसेट करण्याआधी कोणता दिवा होता ते मोठ्याने सांगायचं आणि दारापाशी उभ्या ऑइलरने लिहून घ्यायचं.

स्टार्टिंग एअर मोजून वापरा. बाटलीत ३० बार असतात, आणि वीज नाही म्हणजे कॉम्प्रेसरही नाही. जनरेटर एअर स्टार्टचा असेल तर दोन प्रयत्न फसल्यावर थांबा आणि कारण शोधा. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाने नशीब उघडत नाही, बाटली रिकामी होते. एक बाटली भरून, व्हॉल्व्ह शट करून कायम बाजूला ठेवा. इमर्जन्सी जनरेटरलाही सुरू करायचे दोन स्वतंत्र मार्ग असतात, बॅटरी आणि बहुधा हायड्रॉलिक किंवा स्प्रिंग स्टार्टर. दुसरा मार्ग वापरता येणारा माणूस अनेक जहाजांवर एकच असतो. सहाही जणांना तो हाताने सुरू करता आला पाहिजे, स्टिवर्डला आला तर आणखी चांगलं.

वीज परत आली की क्रम पाळा. मेन बोर्ड घेण्याआधी ज्या मोठ्या मोटरा आपोआप उचलतात त्या मॅन्युअलवर टाका आणि बो थ्रस्टर (जहाजाचं नाक बाजूला ढकलणारा पंखा) ब्लॉक करा. मग लुब ऑइल, इंधन, समुद्राचं पाणी, गोडं पाणी, सीपीपीचा (पात्यांचा कोन बदलता येणाऱ्या प्रोपेलरचा) हायड्रॉलिक पंप. स्टिअरिंगचे दोन्ही पंप बघून घ्या. यानंतर ब्लोअर आणि कॉम्प्रेसर. बाकी सगळं, ज्याला पहिला अर्धा तास हात लावायचा नाही असं ठरलंय, ते शेवटी.

दुसरा ब्लॅकआउट पहिल्यापेक्षा घातक असतो, कारण तेव्हा सगळे गाफील असतात. २६ मार्च २०२४ ला बाल्टिमोरमध्ये 'डाली' हे कंटेनर जहाज पुलावर आदळलं आणि पुलावर काम करणाऱ्या सहा जणांचा जीव गेला. त्यावरचा बहुतेक क्रू भारतीय होता. अमेरिकेच्या तपास संस्थेला पहिल्या ब्लॅकआउटमागे एक सैल वायर सापडली. वायरवरच्या लेबलच्या पट्टीमुळे ती टर्मिनलमध्ये पूर्ण बसलेलीच नव्हती. क्रूने वीज परत आणली, पण चालू जनरेटरांना इंधन ज्या फ्लशिंग पंपातून जात होतं तो पंप वीज आल्यावर आपोआप सुरू होणाऱ्यातला नव्हता. इंधनाचं प्रेशर पडलं आणि दुसरा ब्लॅकआउट झाला. हे वाचून दोन कामं करायची. आपल्या जहाजावर वीज परतल्यावर कोणते पंप स्वतःहून उठत नाहीत, याची यादी करून स्विचबोर्डवर चिकटवा. आणि ईटीओकडून कंट्रोल पॅनलमधली प्रत्येक वायर हाताने हलकेच ओढून तपासून घ्या. नुसतं बघून कळत नाही. हे काम पॅनल आयसोलेट करून, बंदरात, एका दिवसात एक पॅनल अशा बेताने.

पावसाळ्यात बाहेर पडण्याआधी लुब ऑइलची लेव्हल बघा. २३ मार्च २०१९ ला नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ वादळात 'व्हायकिंग स्काय' या प्रवासी जहाजावर तेल कमी असल्यानेच ब्लॅकआउट झाला. चालू जनरेटरांच्या सम्पमध्ये (तळाच्या तेलाच्या टाकीत) तेल उत्पादकाने सांगितलेल्या पातळीपेक्षा बरंच कमी होतं. जहाज डोलायला लागलं, तेल एका बाजूला गेलं, सक्शनने हवा ओढली, प्रेशर पडलं आणि एकेक जनरेटर ट्रिप झाला. जूनमध्ये नैऋत्येची लाट सुरू झाली की आपल्या किनाऱ्यावरची सप्लाय व्हेसलही अशीच डोलते. बंदरात डिपस्टिकवर 'किमानच्या वर आहे' एवढं पुरेसं मानू नका. मॅन्युअलमध्ये किती सांगितलंय ते बघा आणि तेवढं भरून निघा.

प्लॅटफॉर्मच्या जवळ

हे वेगळं सांगायला हवं, कारण तुमचं काम तिथलंच आहे. ५०० मीटरच्या सेफ्टी झोनमध्ये शिरण्याआधी सगळे जनरेटर बोर्डवर किंवा खऱ्या अर्थाने स्टँडबाय पाहिजेत. डीपी २ जहाज (थ्रस्टरच्या जोरावर आपोआप एका जागी थांबणारं) असेल तर बस टाय, म्हणजे स्विचबोर्डचे भाग जोडणारा ब्रेकर, तुमच्या डीपी मॅन्युअलप्रमाणे. आणि आत असेपर्यंत फिल्टर बदलणं, टँक बदलणं, प्युरिफायर उघडणं, पॅनल उघडणं, सगळं बंद.

२७ जुलै २००५ ला 'समुद्र सुरक्षा' हे जहाज बॉम्बे हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मच्या रायझरला (समुद्रतळातून तेल-वायू वर आणणाऱ्या पाइपाला) लागलं. थ्रस्टरच्या पिच (पात्यांच्या कोनाच्या) कंट्रोलमध्ये बिघाड असताना जहाज जखमी माणसाला प्लॅटफॉर्मवर पोचवण्यासाठी जवळ गेलं होतं. रायझर फुटला, आग लागली, प्लॅटफॉर्म जळून गेला आणि २२ जण गेले. चीफसाठी यातला नियम सरळ आहे. पिच उशिरा येतंय, थ्रस्टर हंटिंग करतोय (स्थिर न राहता वरखाली होतोय), जनरेटरचा लोड विनाकारण हलतोय, असं काहीही दिसलं की आधी ब्रिजला सांगून जहाज बाहेर काढायचं, दुरुस्ती नंतर. 'दोन मिनिटांत ठीक करतो' हे वाक्य ५०० मीटरच्या आत बोलायचंच नाही. बाहेर आल्यावरही नांगराच्या भरवशावर राहू नका. बॉम्बे हायला पाण्याची खोली साधारण ७५ मीटर असली तरी तळाशी पाइपलाइनींचं जाळं आहे.

पाणी शिरणं

किती पाणी येऊ शकतं, याचा अंदाज डोक्यात हवा. पाण्याच्या पातळीच्या ३ मीटर खाली ५० मिलिमीटरचा पाइप तुटला तर तासाला साधारण ३० ते ३५ घनमीटर पाणी येतं. १०० मिलिमीटरचा तुटला तर त्याच्या चौपट, म्हणजे १३० च्या आसपास. आता तुमच्या बिल्ज पंपाच्या (तळाशी साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या) नेमप्लेटवरचा आकडा बघा. लहान पाइपाला पंप पुरेल, मोठ्याला एकटा बिल्ज पंप पुरणार नाही. म्हणून इमर्जन्सी बिल्ज सक्शन असतं, सगळ्यात मोठ्या समुद्राच्या पाण्याच्या पंपाला थेट इंजिन रूममधून ओढायची सोय. त्याचं चाक प्लेटांच्या किमान ४६० मिलिमीटर वर असतं ते याचसाठी, की पाण्यात हात न घालता फिरवता यावं. ते महिन्यातून एकदा फिरवून, ग्रीस करून ठेवा. वापरताना क्रम असा: पंप चालू, इमर्जन्सी सक्शन ओपन, आणि मगच समुद्राचं सक्शन हळूहळू शट. समुद्राचं आधी शट केलं तर पंप हवा धरतो आणि इंजिनाचं कूलिंगही जातं.

अशा वेळी ऑइली वॉटर सेपरेटरमागे धावू नका. जहाजाच्या आणि जिवांच्या सुरक्षेसाठी थेट बाहेर टाकायला मार्पोलच्या (समुद्र प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या अ‍ॅनेक्सची परवानगी आहे. वेळ, जागा आणि अंदाजे किती टाकलं ते लिहून ठेवा. मात्र धोका खरा असला पाहिजे. नेहमीचं साचलेलं बिल्ज उपसायला ही पळवाट नाही.

तीन रेघा मारा. इंजिन रूमच्या बल्कहेडवर, कंट्रोल रूमच्या खिडकीतून दिसतील अशा, रंगाने. पहिल्या रेघेला पाणी आलं की बिल्ज पंप आणि ब्रिजला खबर. दुसरीला इमर्जन्सी सक्शन उघडून सगळ्यांनी वर यायचं. तिसरी रेघ जनरेटरच्या फ्लायव्हीलच्या तळाच्या चार बोटं खाली मारा. पाणी तिथे आलं की तो जनरेटर थांबवायचा, कारण फ्लायव्हील पाणी उचलून अल्टरनेटरवर फवारतं आणि मग आग आणि ब्लॅकआउट एकत्र होतात. रेघ आधी मारलेली असली की त्या क्षणी वाद होत नाही.

पाणी येतं कुठून? खवळलेल्या समुद्राने प्लेट फाटून येणं फार क्वचित. बहुतेक वेळा समुद्राच्या व्हॉल्व्हनंतरचा सडलेला एल्बो, रबर बेलो, पंपाचा सील, किंवा स्ट्रेनरचं (समुद्राच्या पाण्यातला कचरा अडवणाऱ्या जाळीचं) झाकण. स्ट्रेनर मुंबईत फार महत्त्वाचा. पावसाळ्यात बंदरातलं पाणी गढूळ असतं, पिशव्या आणि दोऱ्या येतात, ओहोटीला लो सी चेस्ट (तळाजवळची) चिखलच ओढते. बंदरात हाय सी चेस्टवर राहा, खोल पाण्यात आणि डोलणाऱ्या समुद्रात लोवर जा. स्ट्रेनर तुंबायला लागला की पंपाचं डिस्चार्ज प्रेशर हलायला लागतं आणि लो टेंपरेचर सर्किटचं तापमान अर्ध्या-एक अंशाने चढत राहतं. अलार्म त्यानंतर बराच उशिरा येतो, म्हणून वॉचच्या माणसाने दर तासाला आकडा लिहायचा.

स्ट्रेनर उघडताना नीट बघा, कारण साफसफाईतूनच पूर आल्याची उदाहरणं धंद्यात भरपूर आहेत. आधी दुसऱ्या स्ट्रेनरवर जा. मग उघडायच्या स्ट्रेनरचे दोन्ही व्हॉल्व्ह शट. झाकणावरचा व्हेंट कॉक उघडा आणि तळाचा ड्रेन. पाणी जोरात येईल, कमी होईल आणि थांबायला हवं. थांबलं नाही, बारीक धार चालूच राहिली, तर समुद्राकडचा व्हॉल्व्ह बसलेला नाही. बटरफ्लाय व्हॉल्व्हच्या कडेत प्लास्टिकच्या पिशवीची एक पट्टी अडकलेली पुरते. चाक पूर्ण फिरलेलं दिसतं, इंडिकेटर 'शट' दाखवतो, आणि फट शिल्लक असते. व्हॉल्व्ह थोडा उघडून पुन्हा शट करा, पट्टी कधी कधी निघून जाते. धार थांबल्यावरही सगळे नट काढायचे नाहीत. प्रत्येक नट दोन-तीन आटे सैल करा आणि आपल्यापासून लांबच्या बाजूने झाकण किंचित उचका. पाणी फुटलं तर तेच नट परत आवळता येतात. नट काढून झाकण बाजूला ठेवलं आणि मग पाणी आलं, तर तीन मीटरच्या दाबाविरुद्ध ते झाकण दोन माणसांना परत बसवता येत नाही. जुनी पॅकिंग फाटलेली असते, म्हणून निओप्रीनची ३ मिलिमीटरची शीट कापून तयार ठेवा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला सहज मिळते, आणि जहाजाची रिक्विझिशन मंजूर होण्याची वाट बघावी लागत नाही.

गळती बुजवायच्या सामानाच्या पेटीत एवढं हवंच: मऊ लाकडाच्या निमुळत्या खुंट्या ८ ते १०० मिलिमीटर, पाचरी, १५ ते १०० मिलिमीटर पाइपांचे क्लॅम्प, रबर शीट, जुबिली क्लिप, हातोडा, चार टॉर्च, चाकू. पेटीला कुलूप नको.

पाणी वाढलं आणि क्रू उतरला तरी जहाज लगेच बुडतंच असं नाही. २०११ च्या जुलैअखेर 'पवित' हे टँकर माणसांविना जुहूच्या वाळूवर येऊन लागलं. ओमानजवळ इंजिन रूममध्ये पाणी शिरल्यावर त्यावरच्या लोकांना सोडवून नेलं होतं, आणि जहाज महिनाभर वाहत इथपर्यंत आलं. म्हणून सोडून जाण्याचा निर्णय कॅप्टनचा असला तरी, शेवटच्या पाच मिनिटांत हात लागतील तेवढे सी व्हॉल्व्ह शट करणं चीफचं काम आहे.

आग

इंजिन रूममधल्या आगींचं नेहमीचं मूळ म्हणजे दाबाखालचं तेल तापलेल्या पृष्ठभागावर उडणं. २२० अंश सेल्सियसच्या वर जाऊ शकणारा प्रत्येक पृष्ठभाग झाकलेला हवा, हा सोलासचा नियम. ओव्हरहॉलनंतर एक्झॉस्टचं लॅगिंग (उष्णता रोखणारं आवरण) अर्धवट बसवलेलं आणि प्रेशर गेजची बारीक नळी कंपनाने घासलेली, ही जोडी शोधून काढा. इन्फ्रारेड गन घेऊन दोन तास फिरलात की सापडते.

पेटल्यावर: ज्याने बघितलं त्याने आधी अलार्म द्यायचा, मगच एक्स्टिंग्विशर. ६ किलोची ड्राय पावडर पंधरा-वीस सेकंदांत संपते. माझं मत स्पष्ट आहे: सहा माणसांच्या जहाजावर एक एक्स्टिंग्विशर, फार तर लोकल वॉटर मिस्ट, आणि एवढ्याने विझली नाही तर बाहेर. होज घेऊन पुन्हा आत शिरण्याइतकी माणसं तुमच्याकडे नाहीत. ब्रीदिंग सेटची १,२०० लिटर हवा कागदावर अर्धा तास चालते. उष्णतेत, जिना उतरून, धापा टाकत काम करणाऱ्याला त्यातली पंधरा-वीस मिनिटंच मिळतात, आणि त्यातली निम्मी परतीसाठी लागतात. ती ताकद कुणी आत राहिला असेल तर त्याला काढण्यासाठी राखून ठेवा.

बाहेर आल्यावर: क्विक क्लोजिंग व्हॉल्व्ह (इंधनाच्या टाक्या बाहेरून झटक्यात बंद करणारे), इंधन पंप आणि ब्लोअरचे इमर्जन्सी स्टॉप, डँपर (हवेच्या मार्गातली झाकणं), दारं, स्कायलाइट. क्विक क्लोजिंग ओढताना एक चूक नेहमी होते: घाईत सगळे लिव्हर ओढले जातात, आणि इमर्जन्सी जनरेटरच्या टाकीचाही व्हॉल्व्ह त्यात जातो. तो सहसा वेगळ्या जागी असतो. पण लहान जहाजांवर कधी शेजारीच असतो. त्याला वेगळा रंग द्या. तो गेला की इमर्जन्सी फायर पंप आणि उजेड दोन्ही जातात.

कार्बन डायऑक्साइड सोडण्याआधी डोकी मोजा. नावं घेऊन, चेहरा बघून. 'सगळे आलेत' हे उत्तर घेऊ नका. इंजिन रूमच्या दारावर पितळी टोकनांचा बोर्ड लावा: आत जाताना आपलं टोकन उलटं करायचं. कंत्राटी वेल्डर किंवा सर्व्हिस इंजिनिअर आत असतो तेव्हा नेमका तोच मोजणीतून सुटतो, म्हणून पाहुण्यांसाठी दोन जास्त टोकनं. मग डँपर पुन्हा एकदा डोळ्यांनी बघा. उघड्या डँपरमधून गॅस निघून जातो आणि दुसरी खेप नसते. यंत्रणा अशी असते की ८५ टक्के गॅस दोन मिनिटांत आत जावा. गॅस सोडायची पेटी उघडल्यावर दोन हँडल असतात: एक पाइपलाइनचा व्हॉल्व्ह उघडणारं, दुसरं गॅस सोडणारं. दोन्ही ओढल्याशिवाय काही होत नाही, आणि एकच ओढून अर्ध्यावर थांबलेली माणसं वाटतं त्याहून जास्त असतात. म्हणून ही पेटी ड्रिलमध्ये सहाही जणांना दाखवा.

सोडल्यावर उघडायची घाई नको. हा गॅस ऑक्सिजन हटवतो, लोखंड थंड करत नाही. तासाभराने दार उघडून हवा आत गेली की गरम लोखंडावर तेल पुन्हा पेटतं. बाहेरून बाउंडरी कूलिंग (आगीच्या जागेच्या भिंतींवर पाणी मारणं), बल्कहेडचं तापमान दर दहा मिनिटांनी लिहून काढणं, आणि ते काही तास सलग उतरत राहिलं तरच पुढचा विचार. आत पहिला पाय ब्रीदिंग सेट घालूनच. मीटरवर ऑक्सिजन २०.९ टक्के सगळ्या पातळ्यांवर दिसेपर्यंत कुणीही सेटशिवाय खाली नाही. गॅस जड असतो, बिल्जमध्ये बसून राहतो.

क्रँककेसचा (इंजिनाच्या खालच्या बंद भागाचा) ऑइल मिस्ट, म्हणजे तेलाच्या धुक्याचा, अलार्म आला तर लोड उतरवा, रिलीफ व्हॉल्व्हच्या समोरून माणसं हटवा, ब्रिजला सांगून इंजिन थांबवा आणि अर्धा तास दार उघडू नका. गरम जागा, तेलाची वाफ आणि ताजी हवा एकत्र येणं म्हणजे स्फोट. १९४७ साली 'रेना देल पॅसिफिको' या जहाजावर क्रँककेस स्फोटात २८ जण गेले, आणि आजचे रिलीफ व्हॉल्व्ह आणि डिटेक्टर अशाच घटनांतून आले. स्टिअरिंग गेलं तर थर्ड आणि एक ऑइलर स्टिअरिंग गिअर रूममध्ये, साउंड पॉवर्ड (विजेशिवाय चालणाऱ्या) फोनवर. तीन महिन्यांतून एकदा ड्रिल सक्तीचं आहे, तुम्ही महिन्याला करा.

माणसं

ब्लोअर थांबले की मे महिन्यात इंजिन रूम बघता बघता पन्नास अंशांकडे जाते. खाली काम करणाऱ्याला पंधरा मिनिटांनी वर बोलवा, पाणी आणि ओआरएस द्या, मग पुन्हा पाठवा. घाम यायचा थांबलेला, असंबद्ध बोलणारा माणूस परत खाली जाणार नाही, तो कितीही म्हणो.

कुणी तरी गोठतो. बहुतेक वेळा सगळ्यात लहान. त्याला ओरडू नका, बाहेर हाकलू नका. नेमकं, छोटं काम द्या: 'या गेजसमोर उभा राहा, दर मिनिटाला आकडा मोठ्याने सांग आणि लिही.' दोन-तीन आकडे सांगेपर्यंत त्याचा श्वास बसतो, आणि तुम्हालाही खरोखर हवी असलेली नोंद मिळते.

प्रकरण तासभरात संपणार नाही असं दिसलं की एकाला झोपायला पाठवा. हे सगळ्यात अवघड जातं, कारण कुणालाच जायचं नसतं. पण सहाही जण दहा तास जागले तर अकराव्या तासाला चुकीचा व्हॉल्व्ह फिरतो. २४ तासांत किमान १० आणि ७ दिवसांत ७७ तास विश्रांतीचा नियम आणीबाणीत बाजूला ठेवता येतो, पण संपल्यावर ती विश्रांती द्यावीच लागते. ती लिहून द्या, तोंडी नको.

ड्रिल कंपनीच्या यादीप्रमाणे करा, पण वर दोन गोष्टी घाला. एक, कॅप्टनच्या परवानगीने, नांगरावर, शांत समुद्रात खरा ब्लॅकआउट. जनरेटरचा ब्रेकर पाडून घड्याळ लावायचं आणि वर म्हटलेली यादी, कोण उठतं आणि कोण नाही, खरी करून घ्यायची. दोन, डोळ्यांवर पट्टी बांधून प्रत्येकाने आपल्या जागेवरून इमर्जन्सी एस्केपच्या जिन्यापर्यंत यायचं, हाताने रेलिंग चाचपत. एस्केप सेटमध्ये साधारण दहा मिनिटांचीच हवा असते. ज्याला वाट सापडायला चार मिनिटं लागली, त्याची वाट पुढच्या आठवड्यात पुन्हा.

पहिल्या फेरीआधी तीन दिवस मिळाले तर कामं अशी लावा. पहिल्या दिवशी ईटीओबरोबर स्विचबोर्ड आणि न उठणाऱ्या पंपांची यादी. दुसऱ्या दिवशी सेकंडबरोबर सगळे सी व्हॉल्व्ह, इमर्जन्सी सक्शन आणि क्विक क्लोजिंग, प्रत्येक हाताने फिरवून. तिसऱ्या दिवशी इमर्जन्सी जनरेटर सहाही जणांनी पाळीपाळीने दोन्ही मार्गांनी सुरू करायचा, आणि फायर पंपाला दोन होज लावून धार बाहेर किती लांब जाते ते बघायचं. सी व्हॉल्व्हपैकी एखादा फिरत नसेल, तर तो डिफेक्ट लिस्टवर टाका, कॅप्टनला दाखवा, आणि तो सुटेपर्यंत त्या बाजूचा स्ट्रेनर उघडू देऊ नका.